मोटारीच्या दाराची बिजागरी : घरच्या घरी निगा आणि सुरक्षितता

(वाहनांची निगा या विषयावर ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वाहनाची निगा म्हटली की वाहनधारकाचे लक्ष प्रथम इंजिनाकडे, मग टायरांकडे आणि ब्रेककडे जाते. ते योग्यच आहे. परंतु दिवसातून सर्वांत अधिक वेळा ज्या भागाला माणसाचा हात लागतो, त्या दाराकडे मात्र ते पूर्णपणे मोडेपर्यंत कोणी पाहत नाही. दार जड लागू लागले की अधिक जोर लावावयाचा, करकरू लागले की रेडिओचा आवाज वाढवावयाचा, आणि नीट लागेनासे झाले की ते आपटून लावावयाचे, अशी सर्वसाधारण रीत पडली आहे. या रीतीने लहानसे दुखणे मोठे होते आणि जे काम थोड्या तेलात व अर्ध्या तासात झाले असते, त्यासाठी पुढे पत्रेकाम करणाऱ्याच्या दारात गाडी आठ दिवस उभी राहते.

हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. गावातून रात्री-अपरात्री आजारी माणसाला अथवा बाळंतिणीला रुग्णालयात न्यावयाचे असता वाडीवरील एखादी खाजगी गाडीच पुष्कळदा उपयोगी पडते. त्या वेळी मागचे दार उघडेना, किंवा उघडलेले दार नीट लागेना, तर त्या विलंबाची किंमत पैशात मोजता येत नाही. अपघात झालेल्या गाडीतून आतल्या माणसांना बाहेर काढावयाचे असताही हेच दार आडवे येते. शिवाय जड झालेले दार उघडताना माणूस खांद्याचा जोर लावतो; ते क्षणभर अडते आणि मग एकदम सुटून रस्त्यावर सताड उघडते. गोव्यातील अरुंद रस्त्यांवर, जेथे उभ्या गाडीला लागूनच दुचाक्या जातात, तेथे असे सुटलेले दार एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून बिजागरीचा विचार हा सुरक्षिततेचा विचार आहे.

बिजागरीची रचना

घराच्या दाराला असते तशीच मोटारीच्या दारालाही बिजागरी असते. बहुतेक गाड्यांत प्रत्येक बाजूच्या दाराला वर एक व खाली एक अशा दोन बिजागऱ्या असतात. बिजागरीचे एक पान गाडीच्या खांबाला आणि दुसरे दाराला पक्के केलेले असते. दोन्ही पानांमधून एक उभी पोलादी पिन जाते. अनेक गाड्यांत या पिनेभोवती पितळेचे किंवा तत्सम मऊ धातूचे बारीक नळकांडे असते. त्यास कारागीर ‘बुश’ म्हणतात. झीज व्हावयाची ती बुशाची व्हावी, पिनेची होऊ नये, हा त्यामागील हेतू असतो.

बिजागरीच्या जोडीला आणखी एक भाग असतो. दार किती उघडावे याची मर्यादा ठरविणारी आणि अर्धवट उघडलेले दार जागेवर धरून ठेवणारी एक पट्टी दोन बिजागऱ्यांच्या मध्ये बसविलेली असते. चढावर किंवा उतारावर दार आपोआप लोटले जात नाही ते या पट्टीमुळे. पुष्कळ वेळा दोष या पट्टीत असतो आणि तेल मात्र बिजागरीला घातले जाते. म्हणून तिची ओळख आधीच करून घेतलेली बरी.

दार जड का होते?

पहिले कारण धूळ. वंगणावर धूळ बसली की दोहोंचे मिळून एक प्रकारचे खरखरीत मलम तयार होते. ते बिजागरीला सुलभपणे फिरू देण्याऐवजी तिला आतून घासत राहते. लाल मातीच्या प्रदेशात, विशेषतः कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांत, हा दोष लवकर दिसतो.

दुसरे कारण गंज. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि किनारपट्टीवरील हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात. मीठ हवेतील ओलावा शोषून घेते आणि लोखंडावर गंज चढण्याची क्रिया पुष्कळच वेगाने घडवून आणते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. पिन आणि बुश यांच्यामधील फट केसाएवढी असते; तेथे गंज वाढला की तो पाचरीसारखा काम करतो आणि पिन जखडली जाते. पोलाद आणि पितळ एकमेकांना लागून असताना त्यांच्यामध्ये खारट पाणी शिरले, तर पोलाद अधिकच लवकर गंजते, हेही लक्षात ठेवावे.

तिसरे कारण चुकीचे वंगण. घरात हाताशी असते म्हणून खोबरेल तेल बिजागरीला घालण्याची पद्धत आहे. खोबरेल तेल सुमारे २४-२५ अंश सेल्सिअसखाली थिजते. म्हणजे थंडीच्या पहाटे ते वंगणाचे काम करीत नाही. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल हवेने हळूहळू चिकट होते. इंजिनातून काढलेल्या काळ्या जळक्या तेलात काजळी, आम्ले आणि धातूचे बारीक कण असतात. खाण्याचे तेल खाण्यासाठीच असावे आणि जळके तेल कोणत्याही वंगणाच्या जागी वापरू नये.

चौथे कारण दाराला बसलेला मार. गाडीला बाजूने धक्का लागला, अथवा पूर्ण उघडलेल्या दाराला मागून कोणी धडकले, तर बिजागरीची पाने किंचित वाकतात. मग दोन्ही पिना एका सरळ रेषेत राहत नाहीत. अशा दाराला कितीही तेल घातले तरी ते सुलभ होत नाही.

जोर लावण्याने काय होते?

शाळेत शिकविला जाणारा तरफेचा नियम येथे कामी येतो. दाराची मूठ बिजागरीपासून सुमारे ९० सेंटिमीटर अंतरावर असते, तर पिनेची त्रिज्या अर्धा सेंटिमीटर धरता येईल. म्हणजे हाताने लावलेला जोर पिनेच्या पृष्ठभागावर १८० पट होऊन पोहोचतो. जखडलेले दार हलविण्यासाठी हाताला चार किलो जादा जोर लावावा लागत असेल, तर दोन्ही पिनांवर मिळून ७२० किलोंएवढे घर्षण चालू आहे असा त्याचा अर्थ होतो. हा भार शेवटी खांबाच्या पत्र्यावर येतो. जुन्या गाड्यांत बिजागरीच्या आसपास पत्र्याला तडे गेलेले दिसतात, त्यांचे एक कारण हेच.

दार खाली का झुकते, तेही अशाच हिशेबाने समजते. तीस किलो वजनाच्या दाराचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ५० सेंटिमीटरवर आणि दोन बिजागऱ्यांमधील अंतर ४० सेंटिमीटर असेल, तर वरची बिजागरी सुमारे साडेसदतीस किलोंच्या जोराने बाहेर ओढली जाते आणि खालची तितक्याच जोराने आत दाबली जाते. हा भार गाडी उभी असतानाही असतो. त्यात उघड्या दाराच्या टोकावर हात टेकून कोणी गप्पा मारीत उभा राहिला आणि त्याने ४० किलोंचा भार टाकला, तर प्रत्येक बिजागरीवर आणखी ९० किलोंचा ताण पडतो. मुलांना उघड्या दारावर लोंबकळू देऊ नये असे वडीलधारी माणसे सांगतात, ते अगदी शास्त्रशुद्ध आहे.

आधी निदान, मग उपचार

तेलाची कुपी हाती घेण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे पाहावे. गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक ओढावा आणि दार अगदी सावकाश उघडावे व लावावे.

दार पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखेच जड लागत असेल आणि करकर ऐकू येत असेल, तर दोष बिजागरीत आहे. दार एक-दोन ठिकाणीच अडते आणि मग धक्क्याने पुढे जाते असे असेल, तर दोष बहुधा दार रोखणाऱ्या पट्टीत आहे. दार सहज फिरते, परंतु लावताना अखेरच्या चार बोटांच्या अंतरात जोर लावावा लागतो असे असेल, तर दाराभोवतीचे रबर किंवा कुलपाची कडी तपासावी. दार लावताना ते किंचित वर उचलावे लागत असेल, तर बिजागरी झिजली आहे असे समजावे.

झीज तपासण्याची रीत सोपी आहे. दार अर्धे उघडून त्याचे मोकळे टोक दोन्ही हातांनी धरावे आणि हलकेच वर-खाली करावे. दुसऱ्या माणसाने त्याच वेळी बिजागरीकडे पाहावे. पिन आपल्या जागी हलताना दिसली किंवा खटखट आवाज आला, तर बुश झिजले आहे. येथे तेलाने आवाज थांबेल, पण दोष जाणार नाही.

दाराच्या तळाशी पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात, तीही याच वेळी पाहावीत. काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी दाराच्या पोकळीत उतरते आणि या छिद्रांवाटे निघून जाते. चिखलाने ती बुजली की पाणी आत साठते. दार हलविताना डचमळल्याचा आवाज येतो, दाराचे वजन वाढते आणि पत्रा आतून कुजू लागतो. बारीक काडीने ही छिद्रे मोकळी करणे हे दोन मिनिटांचे काम आहे.

घरी करावयाचे काम

साहित्य थोडेच लागते. दात घासण्याचा जुना ब्रश, सुती चिंध्या, वाटीभर डिझेल, गंज सोडविणारे पातळ तेल, इंजिनाचे नवे तेल आणि थोडे ग्रीस. पूर्वी धुण्यासाठी रॉकेल वापरीत. आता ते पूर्वीसारखे सहज मिळत नाही आणि या कामासाठी डिझेल पुरते. काम मोकळ्या हवेत करावे. जवळ चूल, निरांजन किंवा पेटती विडी असू नये. डोळ्यांत तेल उडू नये म्हणून चष्मा लावावा. बिजागरीखालच्या रंगावर व आतल्या गादीवर जुने कापड अंथरावे.

प्रथम कोरड्या ब्रशाने माती झाडून काढावी. मग ब्रश डिझेलमध्ये बुडवून बिजागरीच्या दोन्ही पानांमधील खाचा व पिनेची दोन्ही टोके घासावीत. काळे चिकट वंगण निघेपर्यंत हे करावे आणि चिंधीने पुसून घ्यावे. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बिजागरी धुऊ नये. त्यामुळे माती व पाणी अधिकच आत ढकलले जाते. रंगावर डिझेल सांडल्यास लगेच पुसावे.

यानंतर गंज सोडविणारे तेल पिनेच्या वरच्या टोकाशी सोडावे. पिन उभी असल्यामुळे तेल आपल्या वजनाने आणि सूक्ष्म फटीतून द्रव ओढला जातो त्या गुणाने खाली उतरते. पंधरा मिनिटे थांबून दार सावकाश, जेवढे सहज हलेल तेवढेच, पुढे-मागे करावे. तांबूस पाणी बाहेर आले तर ते पुसून पुन्हा तेल सोडावे. बिजागरी फारच जखडली असेल, तर तेल सोडून रात्रभर ठेवावे आणि दोन-तीन दिवस हाच क्रम चालवावा. लाकडाचा तुकडा मध्ये धरून हलके ठोके दिल्यास तेल आत जाण्यास मदत होते. परंतु हातोड्याचे घाव घालू नयेत, आणि ज्योतीने बिजागरी तापविण्याचा प्रयोग तर घरी मुळीच करू नये. रंग, रबर, विजेच्या तारा आणि डिझेलच्या वाफा या सर्वांना त्यापासून धोका आहे.

फवाऱ्याच्या डब्यांतून मिळणाऱ्या तेलांविषयी एक गैरसमज आहे. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध असे डब्ल्यूडी-४० हे अमेरिकेतील सॅन डिएगो येथे १९५३ मध्ये तयार झाले. त्यातील दोन अक्षरे ‘पाणी हटविणारे’ या अर्थाची असून चाळिसाव्या प्रयत्नात ते साधले म्हणून तो आकडा जोडला गेला. क्षेपणास्त्रांच्या पत्र्यावर गंज चढू नये म्हणून त्याचा प्रथम उपयोग झाला. अशी पातळ तेले पाणी हटविण्यास व गंज सैल करण्यास उत्तम असतात. परंतु जड दाराच्या भारापुढे त्यांचा पातळ थर फार दिवस टिकत नाही. त्यांनी बिजागरी मोकळी करावी आणि नंतर खरे वंगण द्यावे, हा योग्य क्रम होय.

दार मोकळे फिरू लागले की सर्व तेल पुसून पिनेच्या टोकाशी इंजिनाच्या नव्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडावेत आणि दार वीस-पंचवीस वेळा उघडावे व लावावे. अखेरीस दोन पानांच्या सांध्यावर बाहेरून ग्रीसचा पातळ हात फिरवावा. ग्रीस घट्ट असल्याने ते स्वतः पिनेपर्यंत पोहोचत नाही. मात्र आतल्या तेलाचे पाण्यापासून रक्षण करते. जास्त झालेले वंगण पुसून टाकावे, कारण ते धुळीला आमंत्रण देते आणि बसणाऱ्याच्या कपड्यांना डाग पाडते.

दार रोखणाऱ्या पट्टीलाही साफ करून ग्रीस लावावे. ती सोडवावयाची असेल, तर दार दुसऱ्या माणसाने धरून ठेवावे. नाही तर दार मर्यादेपलीकडे उघडून पुढच्या पत्र्यावर आदळते. दाराभोवतीच्या रबराला मात्र तेल किंवा ग्रीस लावू नये. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते व कुजते. ते साबणाच्या पाण्याने पुसून, वाळवून त्यावर थोडे ग्लिसरीन लावावे. कुलपाच्या किल्लीच्या छिद्रात तेलाऐवजी पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड अधिक चांगली. तिच्यावर धूळ चिकटत नाही.

कोठे थांबावे?

घरगुती उपचारांना मर्यादा असते. बुश झिजले असेल, पाने वाकली असतील, खांबाच्या पत्र्याला तडा गेला असेल, किंवा बिजागरी सांधकामाने पक्की केलेली असेल, तर काम जाणकार कारागिराकडे द्यावे. आजच्या अनेक गाड्यांत दारातून विजेच्या तारा जातात आणि काही गाड्यांत अपघातसमयी फुगणाऱ्या हवेच्या पिशवीशी संबंधित उपकरणेही दारात असतात. अशा दाराचे बोल्ट घरी सोडू नयेत.

जुन्या साध्या गाडीची पिन जाणकाराच्या देखरेखीखाली बदलावयाची झाली, तरी काही नियम पाळावेत. दाराखाली जॅक व त्यावर कापड गुंडाळलेली फळी ठेवून दाराला आधार द्यावा. बोल्ट सैल करण्यापूर्वी बिजागरीच्या कडेने खूण करून ठेवावी, म्हणजे दार पूर्वीच्याच जागी बसविता येते. एका वेळी एकच बिजागरी सोडावी. या कामाला दोन माणसे असावीतच.

काम संपल्यावर दाराची कडी नीट पकडते की नाही, हे अवश्य पाहावे. मोटारीच्या दाराची कडी दोन टप्प्यांनी बसते. पहिल्या टप्प्यावर राहिलेले दार लागल्यासारखे दिसते, पण ते पूर्ण लागलेले नसते. वळणावर किंवा धक्क्याने कडी निसटण्याचा धोका राहतो. दाराभोवतीची फट वर-खाली सारखी असावी. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. सर्व बाजूंनी ती सारखीच घट्ट धरली गेली, तर दार बरोबर बसले आहे.

नियम आणि नेम

ऍम्बॅसेडर आणि मारुती ८०० या दोन्ही गाड्यांचे उत्पादन २०१४ मध्ये बंद झाले. तरीही अशा जुन्या गाड्या जपून वापरणारी कुटुंबे आहेत. त्यांचे सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मिळ होत जाणार. म्हणून त्यांच्या बाबतीत तेलाच्या थेंबाचे मोल अधिक आहे. नव्या गाड्यांनाही हाच नियम लागू आहे, कारण पाऊस आणि समुद्राचा वारा गाडीचे वय पाहत नाहीत.

वर्षातून दोन वेळा ही निगा राखली तरी पुरे. एकदा मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी, आणि एकदा पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास. त्या दिवशी गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून तिची पूजा घरोघरी होते. फुले वाहण्याआधी चारही दारांच्या बिजागऱ्यांना दोन थेंब तेल दिले, तर ती पूजा अधिक सार्थ होईल. समुद्रकाठच्या गावांत हा क्रम दर तीन महिन्यांनी ठेवावा.

शासकीय वाहनांच्या बाबतीत चालकाने दाराचा दोष दिसताच नोंदवहीत लिहावा आणि अधिकाऱ्याने ती नोंद किरकोळ म्हणून बाजूस सारू नये. शिक्षकांना तर येथे धड्यांची खाणच आहे. वर्गाचे दार मुठीजवळ आणि मग बिजागरीजवळ ढकलून पाहिले की मुलांना तरफ समजते. एक खिळा कोरडा, एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या पाण्यात आणि एक तेल लावून मिठाच्या पाण्यात, असे चार खिळे आठवडाभर ठेवले की गंज म्हणजे काय आणि वंगण कशासाठी, हे फळ्यावर लिहून देण्याची गरज उरत नाही.

सुस्थितीतील बिजागरीची आठवण कोणाला होत नाही, आणि तशीच ती असावयास हवी. संकटाच्या रात्री एखाद्या वृद्धाच्या किंवा आजारी बाईच्या हाताने हलकेच ओढताच दार उघडावे, ती आत बसल्यावर ते एका हाताने घट्ट लागावे आणि गाडी निघावी, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप. त्यास लागणारे साहित्य प्रत्येक घरात आहे. आवश्यकता आहे ती वेळीच लक्ष देण्याची.